आक्काकडं आठ दिवस

बिडकीनला राहणारी माझी मावशी अंथरुणाला खिळली, त्या उन्हाळ्यात गारखेड्यातल्या आमच्या गल्लीला सहाव्या दिवशी पाणी यायचं. सहावा दिवस हा नुसता बोलायचा. कधी पाचवा, कधी सातवा, आणि वेळेला तर काहीच धरबंध नव्हता. येईल ते पाऊण तास. तेवढ्यात अंगणातला हौद भरून घेतला नाही, तर पुढचे दिवस शेजाऱ्यांच्या दारात घागर घेऊन उभं राहायचं, नाहीतर टँकरवाल्याची वाट बघायची. म्हणून घरात सदा कुणीतरी लागायचं, आणि ते कुणीतरी म्हणजे आई. बाबा वाळूजच्या एका कारखान्यात शिफ्टला जायचे. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते.

मावशी आईहून नऊ वर्षांनी मोठी. आई तिला आक्का म्हणायची. आईची आई लवकर गेली, तेव्हापासून वेणी घालण्यापासून लग्न लावून देण्यापर्यंत आईचं सगळं आक्कानंच केलेलं. आता आक्काच्या दोन्ही किडन्या निकामी होत आल्या होत्या आणि डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं. आईला आठ दिवस तिच्याजवळ जाऊन राहायचं होतं. दुसरं काहीच नको होतं. बिडकीन आमच्यापासून बसनं तासाभरावर. आई जायची, पण सकाळी जाऊन दुपारी परत. एकदा मी सोबत गेले होते. मावशी पडल्या पडल्या म्हणाली, "तू मला भेटाया येतीस का घड्याळाला?"

"नळ येईल गं, आक्का."

"येऊ दे की. तुमच्यात नळ म्हंजे जावईच झालाय. आल्याबरूबर सगळ्यांनी उभं राहायचं."

आई हसली. परतीच्या बसमध्ये मात्र ती सगळा वेळ खिडकीकडे तोंड करून बसली. बाहेर नव्या औद्योगिक शहराचे रस्ते ज्वारीच्या रानांतून सरळ नेलेले होते. रुंद, गुळगुळीत, दोन्ही बाजूंना दिव्यांचे खांब, आणि त्यांच्यावर एकही गाडी नाही. आईच्या खांद्यावर हात ठेवावा असं मला वाटलं. मी मोबाइल काढून बघत बसले.

मला घरात बोलायची सवय राहिली नव्हती. इंग्रजी शाळेत बारा-तेरा वर्षं काढल्यावर माझं घरातलं मराठी 'हो', 'नको' आणि 'येते' एवढ्यावर आलं होतं. आमचं भांडण कधीच नव्हतं. मला शब्द सापडेपर्यंत आई पुढच्या कामाला लागलेली असायची, इतकंच. त्यामुळे त्या संध्याकाळी जेवताना मी जे बोलले, ते माझ्या मानानं पुष्कळ होतं. मी म्हणाले, "मी एक यंत्र करते. तुझ्याऐवजी ते नळाकडे लक्ष ठेवेल. पाणी आलं की मोटार लावेल, हौद भरला की बंद करेल."

बाबा म्हणाले, "आमच्या सुपरवायझरच्या जागी बसवता येईल का ते?"

आईनं ताटातला हात थांबवला. "मग मी आक्काकडं ऱ्हाऊ शकते?"

"आठ दिवस राहा."

यंत्र म्हणजे पत्त्याच्या पानाएवढा एक बोर्ड. संगणकच, पण पडदा नाही, कीबोर्ड नाही. त्याला मी नळाच्या पाइपात पाणी आल्याचं ओळखणारा सेन्सर जोडला, हौदात तरंगणारा एक स्विच सोडला आणि मोटारीची कळ त्याच्या ताब्यात दिली. वीज द्यायला जुना मोबाइल चार्जर होता. तो स्वयंपाकघरात लावला आणि एक लांब, बारीक वायर खिडकीतून अंगणात आणली. सगळं मोटारीशेजारी भिंतीवर एका पत्र्याच्या डब्यात बसवलं.

पहिला त्रास उन्हाचा झाला. मे महिना, पश्चिमेची भिंत आणि पत्रा. हे बोर्ड फार तापले की आपणहून सावकाश चालायला लागतात आणि तरीही तापत राहिले तर बंद पडतात. मी बोर्डच्या चिपवर अॅल्युमिनियमच्या पात्यांचा एक तुकडा चिकटवला, म्हणजे आतली उष्णता पात्यांवर पसरून हवेत जाईल. डब्याला खाली आणि वर भोकं पाडली, म्हणजे गरम हवा वरून निघून जाईल. तरी दुपारी तो थकायचाच.

एका दुपारी कॉलेजातून आले तर डब्याभोवती ओला पंचा गुंडाळलेला. माठाला गुंडाळतात तसा, नीट, गाठ मारून. आईनं त्यासाठी तांदूळ धुतलेलं पाणी वापरलं होतं, कारण चांगलं पाणी अशा कामाला वापरायचे ते दिवस नव्हते. भोकांच्या कडेनं पांढुरके ओघळ आत उतरले होते.

"लई तापलं होतं गं," आई म्हणाली. "हात लावला तर चटका बसला. म्हटलं, जिवाला थंड वाटंल त्याच्या."

मी म्हणाले, प्लीज डोन्ट टच माय थिंग्ज. इंग्रजीत. आईला अर्थ कळला की नाही ठाऊक नाही, आवाज कळला. तिनं पंचा सोडला, पिळला, आणि पिळलेलं पाणी तुळशीला घातलं. बोर्डला काही झालं नव्हतं. मी डबा काढून उत्तरेच्या भिंतीला जिन्याखाली, सावलीत लावला. ते मला आधीच सुचायला हवं होतं.

सावलीत तो उत्तम चालला. तांब्याभर पाणी पाइपात ओतलं की मोटार घूं करून लागायची, तरंगता स्विच हातानं उचलला की बंद. मी अशी दहादा परीक्षा घेतली. पाण्याच्या दिवशी आईला मी मुद्दाम घराबाहेर काढलं, भाजी आणायला. मीही कॉलेजला गेले. खरीखुरी परीक्षा व्हावी म्हणून.

परत आले तर आई हौदाशी उभी होती आणि शेजारच्या काकू कठड्यावरून सांगत होत्या, "तुमची मोटार उचक्या देत होती हो. लागायची, बंद पडायची, पुन्हा लागायची. मी म्हटलं, कुणीतरी लई आठवण काढतंय तिची."

हौदात वीतभर पाणी होतं.

काकूंनी त्यांच्या हौदातून आठ घागरी दिल्या, त्या आईनं आणि मी ओढून आणल्या. संध्याकाळी ती पिशवीत दोन लुगडी घालताना दिसली. तळाशी बाजरीच्या खारट खारोड्यांची पुडी होती. आक्काला मीठ बंद होतं. "खायची नाय ती, पण वास तरी घेईल," आई म्हणाली. मग म्हणाली, "उद्या मी जातेच. पाण्याचं काय व्हायचं ते होऊ दे."

त्यावर मी जे बोलले ते मला पाठ आहे. "आई, पाण्याची एक पाळी थांब. काय चुकलं ते मला कळलंय. पुढच्या वेळी नक्की भरेल. मग निवांत जा, मागची काळजी नको."

मला काहीच कळलं नव्हतं. मोटार का थांबली याची एक कल्पनाही माझ्याकडे नव्हती. आणि मी आठवडाभर कॉलेज बुडवून घरी बसले असते, तरी आई दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं गेली असती. ते कुणी सुचवलं नाही. मीही नाही. ते यंत्र म्हणजे माझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता. तो चालला म्हणून आई गेली, असं मला व्हायला हवं होतं.

"एकच पाळी ना?" आई म्हणाली.

"एकच."

तिनं पिशवी दाराजवळच्या खुंटीला अडकवली.

बोर्ड आपल्या कामाची नोंद ठेवायचा. त्यात दिसत होतं की पाऊण तासात तो एकतीस वेळा बंद पडून पुन्हा सुरू झाला होता. मी उष्णतेलाच धरून बसले, पण तापमान साधं होतं. दोन दिवस मी त्या नोंदीच उलटसुलट वाचत होते. तिसऱ्या दिवशी आई लसूण सोलत होती आणि मी शेजारी लॅपटॉप घेऊन बसले होते. तिनं विचारलं, "काय म्हणतंय ते?" मी सांगायचा प्रयत्न केला की विजेचा दाब मध्येच कमी पडतोय, का ते समजत नाही.

"पडणारच की," आई म्हणाली. "नळ आला की सगळ्या गल्लीच्या मोटारी एकदम लागतात. दिवे पिवळे पडतात. मिक्सर फिरत नाय. मी तर त्या दिवशी वाटण आधीच करून ठेवते."

"तू सांगितलं नाहीस."

"तू इचारलं व्हतंस?"

तिनं ते टोमण्यानं म्हटलं नाही, लसणाच्या पाकळीकडे बघत म्हटलं. पण खरं होतं. कॉलेजच्या चार वर्षांत पाण्याच्या वेळी मी एकदाही घरात नव्हते. माझ्या दहा परीक्षा कोरड्या दिवशी झाल्या होत्या, गल्लीतली एकही मोटार चालू नसताना. पाणी आलं की गल्लीतला विजेचा दाब पडायचा, त्यात आमचीही मोटार लागायची. तो हलका चार्जर आणि ती बारीक वायर मिळून बोर्डला पुरेशी वीज पोचवू शकायचे नाहीत. बोर्ड मरायचा, मोटार थांबायची, बोर्ड जागा व्हायचा, पुन्हा मोटार लावायचा, पुन्हा मरायचा.

उपाय अर्ध्या दिवसाचा होता. जुन्या यूपीएसमधली एक लहान बॅटरी आणि तिचा चार्जर आणला. चार्जर सवडीनं बॅटरी भरणार, बोर्ड बॅटरीवर चालणार. बॅटरीपासून बोर्डापर्यंतची वायर जाड आणि हातभर केली. आईला समजावून सांगितलं तर म्हणाली, "म्हंजे हौदच की." मी हो म्हटलं. मग आम्ही पाण्याची वाट बघायला लागलो.

सहावा दिवस गेला. सातवा गेला. धरणाकडून येणारी मोठी पाइपलाइन कुठंतरी फुटली होती. आई दर तासाला नळ उघडून बघायची. मला म्हणायची, "आलं नाय अजून," आणि मी, जणू तिनं माझ्याकडेच काही मागितलं असावं तशी, "येईल" म्हणायचे.

आठव्या दिवशी सकाळी बिडकीनहून फोन आला. बाबांनी घेतला. आई कणीक मळत होती. बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन नुसते उभे राहिले, आणि आईनं परातीतले हात बाहेर काढले नाहीत. बराच वेळ तसेच ठेवले.

आम्ही तिघंही गेलो. दुपारपर्यंत सगळं उरकलं. मावशीच्या घरची बोअर आटली होती, अंगणात टँकरच्या पाण्याचा एकच ड्रम होता आणि माणसं पन्नास. मावशीचा मोठा मुलगा आईला बाजूला घेऊन म्हणाला, "मावशी, तुम्ही आंघोळी घरी जाऊनच करा. इथं..." आई म्हणाली, "असू दे रे बाळा."

तसेच परत आलो. मयतीवरून आलेल्या माणसानं आंघोळीशिवाय घरात पाय टाकायचा नसतो, म्हणून तिघंही अंगणात थांबलो. मी हौदाचं झाकण उचललं. हौद काठोकाठ भरलेला होता. काकू कठड्याशी आल्या, आमच्याकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "दोनला आलं पाणी. तुमची मोटार एकदाही थांबली नाही."

आई अंगणातल्या मोरीच्या दगडावर नेसत्या लुगड्यानिशी बसली. मी तिच्या डोक्यावर पाणी घालत होते. तिनं पुरे म्हटलं नाही, म्हणून मी घालत राहिले.

"यानंच भरलं?" तिनं विचारलं.

"हो."

"एकट्यानं?"

"हो."

"चांगलं झालं," आई म्हणाली.

त्या दोन शब्दांत काही लपलंय का, हे मी पुढं पुष्कळ दिवस शोधलं. नव्हतं. ती खरंच म्हणत होती. मला कळलंय असं मी म्हणाले तेव्हा मला काहीच कळलं नव्हतं, हे मी तिला त्या दिवशी सांगणार होते. अजून सांगितलेलं नाही.

खुंटीवरची पिशवी बाबांनी कधी उतरवली मला माहीत नाही. प्रोजेक्टला चांगले गुण मिळाले. परीक्षकांनी विचारलं की ही कल्पना कशी सुचली, आणि मी इंग्रजीत पाण्याच्या टंचाईबद्दल चार वाक्यं बोलले.

त्यानंतर पाण्याच्या दिवशी मी घरी थांबायला लागले. थांबायची गरज नव्हती, यंत्र बिनचूक चालत होतं. एकदा नळ सूं सूं करायला लागला आणि आई स्टूल ओढून अंगणात नळासमोर जाऊन बसली, पूर्वी बसायची तशी. मी बाहेर आले.

"आई, बसू नकोस. ते आपोआप भरतं."

"भरू दे."

"तू जा ना कुठंतरी. काकूंकडं जा. बाजारात जाऊन ये."

मोटार लागली. आईनं तिच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही.

"आता मला कुठं जायचंय," ती म्हणाली.