श्रीहरीभाऊंचं क्रूझ कंट्रोल

नागभीडच्या आमच्या गल्लीत श्रीहरी रामटेके यांना सगळे वजनवाले साहेब म्हणतात. साहेब ते नाहीत. वजनमापे खात्यात क्षेत्र सहायक आहेत. धानाच्या गिरण्या, किराणा दुकानं, आठवडी बाजार इथले काटे तपासायला निरीक्षकांबरोबर जायचं, हे त्यांचं काम. तीस वर्षांत त्यांनी इतके काटे पाहिलेत, की भाजीवालीनं वांगी पारड्यात टाकली की किती ग्रॅम कमी ते नजरेनंच ओळखतात. बायको सोबत असली तर मात्र बोलत नाहीत, कारण सत्यशीलाबाईंना बाजार लवकर उरकायचा असतो.

त्यांची मोटारसायकल बेचाळीसच्या वर जात नाही. म्हणजे गाडी जाते, ते जाऊ देत नाहीत. बेचाळीसवर पेट्रोल सर्वांत कमी लागतं, हे त्यांनी एका उन्हाळ्यात मापाच्या बाटलीनं मोजून काढलं होतं, आणि तेव्हापासून तो आकडा त्यांच्यासाठी ठरून गेला. ब्रह्मपुरीच्या रस्त्यावर त्यांच्या मागे अडकलेले ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवतात. ते हात दाखवून त्यांना पुढे जाऊ देतात.

अडचण सुरू झाली ती उजव्या हातापासून. मुलगी हर्षा गडचिरोलीला रुग्णालयात नर्स आहे. दर पंधरा दिवसांनी रविवारी, विहारातली वंदना आटोपली की नवरा-बायको तिला भेटायला निघतात. ऐंशीवर किलोमीटर जायचं, तितकंच यायचं. गेल्या पावसाळ्यानंतर आरमोरी येईपर्यंत श्रीहरीभाऊंचा अंगठा आणि दोन बोटं बधिर व्हायला लागली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, मनगटातली नस दबते आहे, तासन्‌तास रेस पिळून धरू नका. हर्षा म्हणाली, बाबा, एसटीनं या. सत्यशीलाबाई स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत आणि चौदा किलोमीटरवरच्या शाळेत स्कूटरनं जातात. प्रार्थनेच्या घंटेला त्या कधी चुकल्या नाहीत. त्यांची स्कूटर निघाली की गल्लीतल्या कोंबड्या आधीच कडेला होतात, एवढंच सांगतो.

एसटीनं जाणं श्रीहरीभाऊंना पटलं नाही. मोबाईलवर शोधता शोधता त्यांना क्रूझ कंट्रोलचा पत्ता लागला. मोठ्या मोटारींत असतं तसं. एकदा वेग ठरवून बटण दाबलं की यंत्र स्वतःच रेस धरून ठेवतं आणि मनगट मोकळं. मोटारसायकलला बाहेरून बसवायचा संच मिळतो, हे कळल्यावर त्यांनी आठवडाभर त्याचे व्हिडिओ पाहिले आणि संच मागवला. दिवाळीनंतर दिल्लीहून खोकं आलं. त्यात तळहाताएवढी मोटर, तिची तार, हँडलला लावायची बटणं, मागच्या चाकाला चिकटवायची दोन चुंबकं, रंगीबेरंगी वायरींचा एक गुंता आणि इंग्रजीतली माहितीपुस्तिका होती. पुस्तिका त्यांनी दोनदा वाचली, पेन्सिलीनं खुणा केल्या. यंत्र किमान तीसच्या वेगाला चालू होतं, हे वाचून तर त्यांना फार बरं वाटलं. आपल्यासारख्यांचा विचार करून कोणीतरी वस्तू बनवली आहे, असं ते बायकोला म्हणाले.

मदतीला शेजारचे लटारूभाऊ आले. एसटीच्या कार्यशाळेत बत्तीस वर्षं बसगाड्यांची वायरिंग करून निवृत्त झालेला माणूस. ते आयुष्यभर सायकलवर फिरले. मोटारसायकल चालवायला ना शिकले, ना त्यांना त्याची खंत आहे. पण वायर पाहिली की त्यांना राहवत नाही.

पहिल्या रविवारी अंगणात सतरंजी पसरून दोघांनी सीट काढली, टाकी उतरवली, पेट्रोल डब्यात भरून घेतलं. काढलेला प्रत्येक बोल्ट श्रीहरीभाऊंनी वर्तमानपत्रावर ठेवला आणि शेजारी त्याचं नाव लिहिलं. चुंबकांवर त्यांचा अर्धा दिवस गेला. दोन्ही चुंबकं समोरासमोर लावायची होती. चाकाचा तोल जाऊ नये म्हणून त्यांनी घरच्या छोट्या काट्यावर दोन्ही तोलली. एक थोडं हलकं निघालं. ते भरून काढायला त्या बाजूला किती गोंद जास्त लावायचा, याचा हिशेब करेपर्यंत जेवणाची वेळ झाली. लटारूभाऊंनी सांगितलं, की एसटीच्या टायरमध्ये दगड अडकून बस चंद्रपूरपर्यंत जात असे. श्रीहरीभाऊंनी ते ऐकून घेतलं आणि गोंद पुन्हा मोजला.

दुसरा रविवार लटारूभाऊंचा. बारका बल्ब घेऊन ते एकेक वायर तपासत गेले. त्यांचा एकच हट्ट होता आणि तो रास्त होता.

"ब्रेक दाबला का यंत्रानं हात सोडलाच पाहिजे, भाऊ," ते म्हणाले. "ते पयले पाहीन. बाकी लागो का नाई लागो."

ब्रेकच्या दिव्याची वायर सापडली, ती मोटरला जोडली. रेसच्या तारेला यंत्राची तार कार्बोरेटरजवळ बांधली. संध्याकाळच्या आत गाडी डबल स्टँडवर उभी करून चालू केली. मागचं चाक हवेत गरगरलं, श्रीहरीभाऊंनी बटण दाबलं, आणि हँडलवरचा हिरवा दिवा लागला. रेसवरचा हात काढला तरी इंजिनाचा आवाज तसाच राहिला. लटारूभाऊंनी ब्रेक दाबला, तसा दिवा विझून आवाज उतरला. हे त्यांनी दहा वेळा करून पाहिलं. श्रीहरीभाऊ आत जाऊन हर्षाला फोन करून आले.

तिसऱ्या रविवारी सकाळी ते ब्रह्मपुरी रस्त्याला निघाले. हेल्मेट, हातमोजे, खिशात पुस्तिका. बेचाळीसवर आल्यावर बटण दाबलं. दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं. दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाच्या बांध्या, रस्त्याच्या कडेला वाळत घातलेलं धान, आणि मधून बेचाळीसच्या वेगानं बटण दाबत जाणारे वजनवाले साहेब. सहा किलोमीटर जाऊन ते परत आले. डबल स्टँडवर लावून पाहिलं, तर दिवा लगेच लागला.

लटारूभाऊंनी सगळी टेप सोडली आणि सगळे जोड नव्यानं केले. चुंबकाचं अंतर श्रीहरीभाऊंनी व्हर्नियरनं मोजलं. ते पुस्तिकेत होतं तेवढंच होतं. पुन्हा रस्त्यावर गेले, पुन्हा दिवा नाही. असं तीनदा झालं. दुपारपर्यंत दोघं एकमेकांशी जरा तुटक बोलू लागले होते. एकानं वायरीत खोट आहे म्हणायचं, दुसऱ्यानं चुंबकात.

तेव्हा सत्यशीलाबाई वह्या तपासायच्या सोडून बाहेर आल्या.

"चाबी द्या," त्या म्हणाल्या.

त्यांचं माहेर गडचांदूरचं. वडील सिमेंट कारखान्यात होते, आणि खाणीच्या रस्त्यावर त्या लग्नाआधी भावाची मोटारसायकल शिकल्या होत्या. हे श्रीहरीभाऊंना एकोणतीस वर्षं ऐकून माहीत होतं, पाहिलं कधी नव्हतं. बाईंनी पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला घट्ट बांधली, नवऱ्याचं हेल्मेट घातलं, पहिला गिअर टाकला आणि गेल्या. तळोधीच्या बाजूनं आवाज लांब जात राहिला. श्रीहरीभाऊ फाटकाशी उभे होते. लटारूभाऊ सतरंजीवर बसून टेप गुंडाळत होते.

वीस मिनिटांनी त्या आल्या.

"लागते ना. छप्पनवर दिवा लगेच लागला. ब्रेक दाबला का सुटते बी."

पुस्तिका आणवली. तीसच्या पुढे इंग्रजीत तीन बारीक अक्षरं होती. बाई रोज मुलांना मापं शिकवतात. त्यांनी ती वाचली आणि पुस्तिका नवऱ्याच्या हातात दिली. ते मैल होते. तीस मैल म्हणजे अठ्ठेचाळीस किलोमीटर. स्टँडवर चाक मोकळं फिरत होतं म्हणून ते सहज त्याच्या पुढे जात होतं. रस्त्यावर साहेब बेचाळीसला थांबत होते.

जन्मभर लोकांचा किलो किलोच आहे ना हे पाहणारा माणूस मैल आणि किलोमीटरमध्ये फसला, हे लटारूभाऊंनी बोलून दाखवलं नाही. ते फक्त उठले, सतरंजी झटकली, आणि आपल्या घराच्या फाटकापर्यंत गंभीर चेहऱ्यानं गेले. फाटकाच्या आतून मात्र त्यांचा खोकला बराच वेळ ऐकू येत होता.

सोमवारी सकाळी कामावर जाण्याआधी श्रीहरीभाऊ एकटेच गाडी घेऊन गेले. सत्तेचाळीसपर्यंत पोचले, असं त्यांनीच नंतर सांगितलं. पुढे एक म्हैस आडवी आली. म्हैस बरीच लांब होती, हेही त्यांनी सांगितलं. ते परत आले, गाडी लावली आणि चहाला बसले.

"रविवारी गाडी तू चालव," कप रिकामा करून ते म्हणाले.

"आन तुमी?"

"मी मांगं बसतो. मनगटाले आराम पायजे म्हणून तर आणलं ना हे सारं."

बाईंनी कप उचलले. "बसा. पण मांगून गतिरोधक सांगत बसू नका. मले दिसतात."

पुढच्या रविवारी आमच्या गल्लीनं ते दृश्य पाहिलं. पुढे सत्यशीलाबाई, मागे दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून वजनवाले साहेब. ब्रह्मपुरीच्या चौकात चहाला थांबले, तेव्हा एका धान गिरणीवाल्यानं साहेबांना ओळखून नमस्कार केला आणि मग गाडी कोणी लावली ते पाहून पुन्हा एकदा केला. श्रीहरीभाऊंनी गतिरोधक खरंच सांगितले नाहीत. फक्त प्रत्येकाच्या आधी त्यांचा श्वास थांबायचा, असं बाईंना मागून जाणवत होतं. वैनगंगेचा पूल ओलांडून आरमोरी मागे टाकल्यावर सरळ रस्ता लागला. बाईंनी बावन्नवर बटण दाबलं. हिरवा दिवा लागला आणि टिकला. दोन्ही बाजूंना सागाचं जंगल होतं. बेचाळीसच्या काट्यावर नजर ठेवून गेलेल्या इतक्या वर्षांत या वाटेवर पळस किती आहे हे आपण पाहिलंच नव्हतं, असं श्रीहरीभाऊंनी नंतर हर्षाला सांगितलं. हर्षा रुग्णालयाच्या फाटकाशी उभी होती. आईला हेल्मेट काढताना पाहून ती आधी पाच मिनिटं हसली, मग वडिलांची बोटं दाबून पाहिली.

माघापर्यंत बधिरपणा गेला. डॉक्टरांना वाटतं गोळ्यांनी गेला. श्रीहरीभाऊ यंत्राला श्रेय देतात आणि कार्यालयात सगळ्यांना ते घ्यायला सांगतात. किल्ली मात्र आता सत्यशीलाबाईंच्या पर्समध्ये असते.

परवा दोघं एका लग्नाला थेट आलापल्लीपर्यंत जाऊन आले. रस्त्यात गुरं, वळणं आणि खड्डे इतके, की जाताना दिवा मोजून चार वेळा लागला, असं श्रीहरीभाऊ सांगतात. बाई म्हणतात, पाच वेळा, यांनी चामोर्शीजवळ डोळे मिटले होते.