सासूबाईंना घरी आणलं, पण मनाला शांती नाही

प्रभूतल्या माझ्या बहिणींनो, आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझे मिस्टर गेले तेव्हा सासूबाई भरल्या घरात मला म्हणाल्या होत्या, "माझं लेकरू खाल्लंस. परत या उंबऱ्यावर पाय ठेवू नगंस." तेव्हापासून मी शाहूपुरीत एकटी राहते आणि रोज विचारते, प्रभू, माझ्याकडून तुला काय हवंय ते सांग, मी करीन.

आज सकाळी गडहिंग्लजहून दिरांचा फोन आला. "वहिनी, आईचं एक अंग लुळं पडलंय. आमच्याच्यानं हुईना. ती सारखी तुमचंच नाव घेतीया."

मी स्वयंपाकघरात खाली बसून रडले. प्रभू, हे सोडून काहीही सांग, म्हटलं. मग आमच्या चर्चच्या पाळकांच्या बायकोला फोन लावला.

"प्रार्थना केलीस?" त्यांनी विचारलं.

"केली. म्हणूनच भीती वाटतीय."

"मग तुला उत्तर ठाऊक हाय की."

दुपारी गाडी करून सासूबाईंना घेऊन आले. माफीचा एक शब्द नाही. "पाणी दे," एवढंच अडखळत म्हणाल्या. मी पाजलं, पण रागानंच.

आता त्या पलीकडच्या खोलीत झोपल्यात. देवाचं ऐकलं की शांती मिळते, असं ऐकत आले. मला नाही मिळाली. उद्या मी त्यांच्याशी वाईट वागेन, ही भीती तेवढी आहे.

तुमच्यापैकी कुणी असं, मन अजिबात तयार नसताना, देवाचं ऐकलंय का? पुढं काय झालं, खरं सांगा.