कच्चं सोयाबीन आणि आप्पांची पिल्लं

मांडवगण फराट्यात माझी पिठाची गिरणी आहे आणि माझे सासरे, म्हणजे आप्पा, तिथलं सगळ्यात हट्टी गिऱ्हाईक. श्रावणात त्यांनी कोंबडीची चाळीस गावरान पिल्लं आणली आणि जाहीर केलं, "बाजारचं खाद्य आनायचं न्हाई. घरात सोयाबीन पडून हाय, तेच दळून घालू."

नवऱ्याने अट घातली. दिवाळीपर्यंत पिल्लं वजनाला भरली नाहीत, तर खुराडं मोडायचं आणि तिथे ट्रॅक्टर उभा करायचा. खुराडं म्हणजे आप्पांचं ऑफिस. सकाळ-संध्याकाळ ते तिथेच असत आणि मला घरात शांतता मिळे. त्यामुळे ते मोडलं, तर नुकसान दोघांचंही.

नुसतं सोयाबीन दळलं की तेलाने दगडाला चिकटतं. म्हणून मी ते मक्यात मिसळून दळून दिलं, कच्चंच. महिन्याभरात शेजारणीची त्याच वयाची पिल्लं कोंबड्यांसारखी दिसू लागली. आमची होती तेवढीच राहिली.

"सोयाबीन कमी पडतंय," आप्पा म्हणाले आणि माप वाढवलं. पिल्लं आणखी खुरटली.

शिरूरच्या कॉलेजात शिकणारी माझी भाची सुट्टीला आली. खाद्याचं घमेलं पाहून तिने कपाळाला हात लावला. "मामी, कच्चं घालताय? पोटात प्रथिनं तोडणारं एक एन्झाइम असतं, ट्रिप्सिन. कच्च्या सोयाबीनमध्ये त्याला अडवणारा पदार्थ असतो."

"पुस्तकातलं नको. गिरणीच्या भाषेत सांग."

"एन्झाइम म्हणजे तुझी गिरणी. तिच्या तोंडात कुणी लाकडाचा ठोकळा बसवला तर गहू आत जाईल का? गहू आणि ठोकळा एकाच जागेसाठी भांडतात, म्हणून हा स्पर्धक अवरोध. गहू भरपूर ओतला तर ठोकळ्याला जागा मिळणं अवघड. दुसऱ्या प्रकारात तोंड मोकळं असतं, पण कुणीतरी बाजूने पट्टा सैल केलेला असतो. मग कितीही गहू ओत, काम मंदच. तिसऱ्यात गहू आत शिरल्यावरच कुणीतरी तोंड दाबून धरतं. गहू दळलाही जात नाही आणि बाहेरही येत नाही."

"आणि कुणी दगडावर सिमेंटच ओतलं तर?"

"तो कायमचा अवरोध. गिरणी नवीच आणायची. फवारणीची काही औषधं किड्यांच्या एन्झाइमला अगदी हेच करतात."

आप्पा खुलले. "मंग माझं काय चुकलं? गहू जास्त वत म्हनलीस. म्या सोयाबीन वाढवलंच की!"

"आप्पा, तुमच्या प्रत्येक पोत्यात गव्हाबरोबर ठोकळेही येतायत. पोती वाढवली तसे ठोकळेही वाढले."

आप्पांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

उपाय सोपा होता. चांगली आच लागली की ठोकळ्याचा आकार बिघडतो आणि तो तोंडात बसत नाही. मी मोठी कढई काढली. भाची म्हणाली, "जाळू नको हं, नाहीतर प्रथिनंही वाया जातील." आप्पा शेजारी बसून हुकूम सोडत होते, "हलीव, हलीव. शेंगदान्यावानी खमंग व्हायला पायजे." हलवत मीच होते.

दिवाळीला नवरा ट्रॅक्टर घेऊनच खुराड्यापाशी आला. एक कोंबडी हातात उचलून त्याने वजनाचा अंदाज घेतला, खाली सोडली आणि ट्रॅक्टर पुन्हा नेहमीच्या लिंबाखाली नेऊन लावला.

"म्या आधीच म्हनलो व्हतो, भाजून घाला," आप्पा म्हणाले.

आता ते दुपारी गिरणीच्या दारात बसतात आणि सोयाबीन आणणाऱ्या प्रत्येकाला बजावतात, "कच्चं दळू नगा, ठोकळा बसतो." लोक आधी माझ्या गिरणीच्या तोंडात वाकून बघतात आणि मगच डबा ठेवतात.