टिपणिसांचं अनुमोदन

सुभाष टिपणीस अडतीस वर्षं बडोद्यात राहिले आणि गुजराती शिकले नाहीत. शिकता आली नाही असं नव्हे, शिकले नाहीत. सत्ताविसाव्या वर्षी भुसावळहून प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात बदलून आले, तेव्हाच त्यांनी ठरवून टाकलं की हे राज्य मूळचं आपलं, तेव्हा भाषा शिकायची ती इतरांनी. इतरांना हे कुणी कळवलं नाही, त्यामुळे ते आपले गुजरातीच बोलत राहिले.

आता तुम्ही म्हणाल, गुजराती काय इतकी परकी आहे? ऐकून ऐकून समजायलाच हवी. पण त्यासाठी ऐकावं लागतं. वर्कशॉपातलं काम हिंदीत निघायचं, क्वार्टर्समध्ये शेजार मराठी होता. निवृत्तीच्या आधी मांजलपूरला फ्लॅट घेतला, तरी केस कापायला ते नागरवाड्यालाच जात, कारण तिथे कात्री मराठीत चालते. गुजराती वर्तमानपत्र घरात आलं तर म्हणत, "ज्या अक्षरांच्या डोक्यावर छप्पर नाही, ती मी वाचत नाही." त्यांची एकूण गुजराती शब्दसंपत्ती तीन शब्दांची: केम छो, मजामा, आणि चालशे.

बाकीचं सगळं बायको करायची. मंदाकिनी सहा महिन्यांत भाषा शिकली आणि पुढे चाळीस मुलांच्या वर्गाला त्याच भाषेत दटावत राहिली. गॅसवाला, डॉक्टर, गुजराती व्याही, सगळ्यांशी तीच बोलायची. घरात 'बटाट्याचं शाक' म्हणाली की टिपणीस ताटावरून मान वर करून म्हणत, "भाजी." तीही म्हणे, "भाजी तर भाजी. खा मुकाट्यानं."

गंमत अशी की न समजण्यामुळे टिपणिसांचं सोसायटीत फार वजन होतं. सभा असो वा कुणी गेल्यावरचं बेसणं, म्हणजे शोकसभा, पांढरा सदरा घालून ते वेळेवर हजर. डोळे अर्धे मिटलेले, मान हळूहळू हलते आहे. बेसण्यात तर बोलायचंच नसतं. फोटोला हात जोडायचे, वीस मिनिटं बसायचं आणि उठायचं. त्यात ते इतके तरबेज झाले होते की लोक म्हणत, "सुभाषभाई खूब गंभीर माणस." गंभीर कसले! मनात चहाचा विचार चाललेला असायचा.

मार्चमध्ये श्रद्धाचं, म्हणजे मुलीचं, बाळंतपण करायला मंदाकिनी पुण्याला गेली. आणि त्याच महिन्यात सोसायटीची वार्षिक सभा भरली.

खाली एक हॉल आहे. मंगळवार-शुक्रवार दुपारी मंदाकिनी तिथे सात गुजराती बायकांना पेटी शिकवायची. शाळेची नोकरी संपल्यावर तिच्या हाती उरलेलं तिचं स्वतःचं असं तेवढंच. घरात पेटी काढली की टिपणीस टीव्हीचा आवाज वाढवत. पण सेक्रेटरी किरीटभाईंना त्या हॉलमध्ये चालायचं यंत्र बसवायचं होतं. सोसायटीतली माणसं खालच्या दुकानातही स्कूटरवरून जातात, त्यांना चालायला यंत्र हवं होतं.

किरीटभाईंनी भरभर ठराव वाचला आणि रिवाजाप्रमाणे वर पाहिलं. ठरावाला एकानं अनुमोदन द्यायचं असतं. त्याला तिकडे टेको म्हणतात. सात वर्षं प्रत्येक ठरावाला टेको टिपणिसांचाच, कारण सोसायटीतले 'वडील', म्हणजे ज्येष्ठ, तेच.

"वडील, तमारो टेको ने?"

"चालशे," टिपणीस म्हणाले आणि हात वर केला. मग रजिस्टरवर ठसठशीत मराठी सही केली, दोन बिस्किटं खाल्ली आणि घरी आले.

मंदाकिनी परतली ती बॅग हातात घेऊनच जिग्नाबेनच्या तावडीत सापडली. जिग्नाबेन तिची पहिली शिष्या. फाटकाशीच तिनं सगळं सांगितलं: हॉलमां हवेथी कोई क्लास नहीं, आणि टेको कुणाचा, तर तमारा सुभाषभाईनो!

वर आल्यावर मंदाकिनीनं बॅग ठेवली नाही, आपटली.

"अहो, माझा क्लास बंद करायला तुम्ही हात वर केलात?"

"मी? छे! ते पाण्याच्या टाकीचं काहीतरी होतं."

"टाकीचं तीन वर्षांपूर्वी झालं."

"मग रंगाचं असेल."

"तुम्हाला ठाऊक नव्हतं, मग हात का वर केलात?"

"सगळे माझ्याकडे बघत होते गं. बघतात म्हणून मी करतो. दर वर्षी करतो!"

मंदाकिनीनं बॅग पायानं कोपऱ्यात सारली. मग म्हणाली, "मी सह्या गोळा करून खास सभा बोलावते. तिथे उभं राहायचं आणि हेच सांगायचं. गुजरातीत."

"तू सांग ना माझ्या वतीनं. नेहमी तूच—"

"क्लास माझा आहे, पण हात तुमचा होता."

टिपणिसांना दोन रात्री झोप लागली नाही. क्लास गेला तर बायको उरलेलं आयुष्य बोलणार नाही, हे त्यांना दिसत होतं. आणि खरं सांगितलं तर सात वर्षांचा वडीलपणा एका वाक्यात जाणार. फुकट मिळालेली अब्रू सोडताना माणसाच्या जिवावर येतं. त्यांनी आजारी पडून पाहिलं. मंदाकिनीनं थर्मामीटर आणला. शेवटी वॉचमनला विचारून लागतील ती गुजराती वाक्यं, वर चार जास्तीची, देवनागरीत चिठ्ठीवर लिहून घेतली आणि ते मोरीत दार लावून पाठ करू लागले.

सभेला हॉल भरला होता. सात शिष्या पहिल्या रांगेत. मंदाकिनी मुद्दाम लांब, खिडकीशी बसली. टिपणीस उभे राहिले, चिठ्ठी काढली, आणि चष्मा घरी राहिल्याचं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. मंदाकिनी बाहेर पाहत होती.

"हिंदीमां बोलो ने वडील, वांधो नहीं," किरीटभाई म्हणाले.

"ना," खिडकीकडून आवाज आला. "गुजरातीमां."

टिपणिसांनी घसा खाकरला. "में टेको आप्यो," ते म्हणाले. "पण हुं कांई समज्यो नहोतो."

मागे कुणीतरी फस्सकन हसलं. टिपणिसांचे कान लाल झाले. पण एकदा बुडालेला माणूस आणखी किती बुडणार?

"आ ठरावमां?" जिग्नाबेननं विचारलं.

"बधा ठरावमां."

"टाकीना पण?"

"टाकीमां पण."

"लिफ्टना?"

"लिफ्टमां पण. सात वरस. कांई नहीं."

आता मात्र हसू थांबलं. मागच्या रांगेतला एकजण म्हणाला, "तो टाकीनुं पाछुं जोवुं पडे!" टाकीचं पुन्हा तपासायचं म्हटल्यावर दुसऱ्यानं लिफ्टचंही नाव घेतलं. आणि किरीटभाईंच्या कपाळावर घाम आला. टाकीचं कंत्राट त्यांच्या मेहुण्याला गेलं होतं, आणि ते गेलं होतं गंभीर सुभाषभाईंच्या टेक्यावर. हा माणूस आणखी दोन वाक्यं बोलला, तर सात वर्षांचं रजिस्टर उघडणार होतं.

"अरे, भूल तो बधानी थाय!" किरीटभाई घाईघाईनं म्हणाले. संगीत म्हणजे देवाचं काम, मंदाबेन आमच्या मोठ्या बहिणीसारख्या, चालायचं तर लोक बागेतही चालतात, असं बरंच काही बोलत त्यांनी जुना ठराव रद्द करण्याचा नवा ठराव रजिस्टरात लिहिलासुद्धा. भराभर वाचला. हॉलमधले बाकी सगळे हात वर झाले, मेहुण्याचाही. किरीटभाईंनी सवयीनं पहिल्या रांगेच्या टोकाला जाऊन बसलेल्या टिपणिसांकडे पाहिलं.

"वडील, तमारो टेको ने?"

टिपणिसांचा हात मांडीवरच होता.

"शेनो ठराव छे?" त्यांनी विचारलं.

सातही शिष्यांनी माना वळवल्या. खिडकीशी बसलेली मंदाकिनी उठून उभी राहिली. "अहो, माझ्या क्लासचा! करा की वर!"

"थांब गं. असाच वर करून एकदा फसलोय." आणि किरीटभाईंकडे वळून ते म्हणाले, "फरी वांचो."

किरीटभाईंनी पुन्हा वाचला.

"धीमे," टिपणीस म्हणाले.

मंदाकिनी मटकन खाली बसली. किरीटभाईंनी रुमालानं कपाळ पुसलं आणि एकेक शब्द सुटा करत पहिल्यापासून वाचायला घेतलं.