खुर्चीमागचा जावई

आठव्या महिन्यात माझ्या बायकोला एकाच पदार्थाचे डोहाळे लागले, आणि तो पदार्थ आमच्या घरापासून बावीस मैलांवर शिजत होता.

लोकांच्या बायकांना चिंचा लागतात, कैऱ्या लागतात, फार तर भिंतीचा चुना चाटावासा वाटतो. चिंचा-कैऱ्या इथे अमेरिकेतही आमच्या नेपरव्हिलच्या इंडियन ग्रोसरीत मिळतात आणि चुना मी बेसमेंटमधून खरवडून दिला असता. पण रेवाला लागले फोचे! फो म्हणजे घमेल्याएवढ्या बाऊलमध्ये तांदळाच्या शेवया, त्यावर तासन्‌तास उकळलेला रस्सा, आणि शेजारी ताटलीत मोडाचे कच्चे मूग, लिंबू आणि तुळशीची चुलतबहीण शोभेल असा पाला. तोसुद्धा एकाच व्हिएतनामी हॉटेलातला. दुसऱ्या कुठल्या हॉटेलचं नाव काढलं तरी ती माझ्याकडे अशी बघायची, जणू मी दुसऱ्या बायकोचं नाव काढलंय.

चार दिवस तिच्या पोटात धड काही टिकत नव्हतं. वरणभात दिसला की मान फिरवायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जे जाईल ते खाऊ द्या." म्हणून मी पार्सल आणलं. ते लोक रस्सा आणि शेवया वेगवेगळ्या बांधून देतात. मी (इंजिनियर असल्यामुळे) वेळ वाचवायला दोन्ही गाडीतच एकत्र केलं. घरी पोहोचेपर्यंत शेवयांनी रस्सा पिऊन टाकला होता आणि डब्यात उत्तम प्रतीची खळ तयार होती. दुसऱ्या वेळी वेगळं आणलं, तर एका सिग्नलला ब्रेक मारला आणि रस्सा माझ्या गाडीच्या सीटने प्यायला. रेवा डब्यात डोकावली आणि भोकाड पसरून रडली. "मला तिथे बसून, वाफ तोंडावर घेत खायचंय!"

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. त्या बाळंतपणासाठी नागपूरहून आलेल्या. "डोहाळे नाही पुरवले तर बाळाची लाळ गळते बरं. मग म्हणू नका सांगितलं नाही."

"पण आई, त्यात चिकन असतं, आणि आज शनिवार." सासूबाई फक्त बुधवार, शुक्रवार आणि रविवार सामिष खातात. बाकीचे चार दिवस कोंबडीकडे बघतसुद्धा नाहीत.

"गरोदर बाईला वार नसतो!" त्यांनी निकाल दिला आणि शाल गुंडाळून सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसल्या.

हॉटेलसमोर पोहोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता आणि दाराबाहेर बर्फात माणसं उभी होती. दारावर हाताने लिहिलेली पाटी: 'रस्सा संपला की बंद.' या गर्दीत रेवाला कुठे उभं करणार? तिला गाडीतच हीटर लावून बसवलं. तिचा फोन नेहमीप्रमाणे अखेरचे श्वास घेत होता, म्हणून माझा तिला दिला. सासूबाईंचा फोन घरच्या वायफायबाहेर निव्वळ आरशासारखा वापरायचा असतो. म्हणजे आता आमच्यात आणि रेवात संपर्काचं साधन उरलं ते फक्त प्रेम.

"मी मालकिणीला सांगतो," मी म्हणालो. "बायको आठव्या महिन्यात आहे म्हटलं की लगेच टेबल देईल."

"खबरदार!" सासूबाईंनी माझं जॅकेट धरलं. "परक्या चारचौघांत पोटातल्या बाळाचं सांगत सुटता? दृष्ट लागते! एक अक्षर बोलायचं नाही."

आत शंभर माणसं शंभर घमेल्यांतून सुर्र सुर्र ओढत होती. चष्म्यावर वाफ बसून मला पाच मिनिटं जगच दिसेना. काउंटरवर मालकीण. उंची साडेचार फूट, आवाज नऊ फूट.

"किती माणसं?" ती इंग्रजीत गरजली.

"तीन."

तिने माझ्या मागे पाहिलं. "दोन दिसतात."

"तिसरी आहे… येते आहे." (खोटं काहीच नव्हतं. तिसरी येतच होती, आणि चौथंही यायच्या मार्गावर होतं.)

"सगळे आल्याशिवाय टेबल नाही! नाव लिहा. एक तास."

एक तास! तेवढ्यात आतून कोणी ओरडलं आणि मालकिणीने रांगेसाठी भाषांतर केलं, "चाळीस बाऊल उरले!"

सासूबाईंनी मान वळवून माणसं मोजली. "जावईबापू, हे काही होऊन नाही राहिलं. कार्यालयात काय करतो आपण?"

आणि माझ्यातला पुणेकर जागा झाला. मंगल कार्यालयात पहिली पंगत चालू असताना दुसऱ्या पंगतीने काय करायचं असतं? खुर्चीमागे उभं राहायचं! हे शास्त्र आहे. नवख्याने जिलबीवाल्याच्या मागे उभं राहू नये. अनुभवी माणूस मठ्ठा पिणाऱ्याच्या मागे उभा राहतो. मी लहानपणी माझ्या आत्याच्या लग्नात केवळ एका आजोबांच्या ढेकरेवरून त्यांच्या उठण्याची वेळ मिनिटासकट सांगितली होती.

मी हॉलभर नजर फिरवली. चौघांच्या एका टेबलावर एक व्हिएतनामी आजोबा एकटेच बसले होते. बाऊल निम्मा झालेला. मी जाऊन त्यांच्या खुर्चीमागे उभा राहिलो, इतक्या जवळ की त्यांच्या टोपीवर माझा श्वास पडत होता. सासूबाईंनी दुसरी आघाडी उघडली. एक तरुण जोडपं हेरून त्या त्यांच्या मागे हात जोडून उभ्या राहिल्या आणि त्यांचा प्रत्येक घास डोळ्यांनी मोजू लागल्या. दोन मिनिटांत ती मुलगी इतकी अस्वस्थ झाली, की तिने बाजूची खुर्ची ओढून सासूबाईंना बसायलाच दिलं. आणखी दोन मिनिटांत सासूबाई त्यांच्या ताटलीतले मूग खात होत्या.

"कच्चेच देऊन राहिले हे लोक!" त्या मला टेबलांवरून ओरडून म्हणाल्या. "मोड इतके सुंदर आले आहेत, नुसती मोहरीची फोडणी दिली असती तर!"

इकडे माझे आजोबा काही संपेनात. एक शेवई उचलायचे, तिच्याकडे बघायचे, तारुण्य आठवायचे, मग तोंडात घालायचे. शेवटी त्यांना माझा श्वास जाणवला. त्यांनी वळून मला आपादमस्तक न्याहाळलं. वाफेने उकडून मी जॅकेट काढलं होतं आणि आत काळा टी-शर्ट होता. त्या हॉटेलातले सगळे वाढपीही काळा टी-शर्ट घालतात, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. आजोबांनी रिकामी ताटली माझ्या हातात दिली.

"मूग. आणि लिंबू."

"नो नो, मी इथला…"

"आणून द्या ना!" टेबलापलीकडून सासूबाईंची हाक आली. "लवकर वाढलं तर लवकर खातील म्हातारबा, लवकर उठतील!"

बिनतोड मुद्दा! दुसऱ्या पंगतीला लवकर बसायचं असेल तर पहिलीला स्वतः वाढायला घ्यावं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी काउंटरवरून मूग आणले. लिंबू आणलं. आजोबांना आग्रह करायचा मोह मी मोठ्या कष्टाने आवरला. परत येताना एका टेबलावरून कुणीतरी पाणी मागितलं. दिलं. दुसऱ्या टेबलावरचे चौघे उठायच्या बेतात होते, त्यांचे बाऊल उचलून त्यांचा बेत पक्का केला. म्हटलं, जितकी टेबलं मोकळी होतील तितका आपला नंबर पुढे!

"वीस बाऊल!" मालकिणीने पुकारा केला, आणि तिची नजर माझ्यावर पडली. माझ्या हातात सहा घमेली. हनुवटीखाली सातवं.

"तू!" ती गरजली. "नवा माणूस? अकराला यायचं होतं, आत्ता उगवतोस?"

"मॅडम, मी कस्टमर…"

माझ्या अंगावर एप्रन येऊन पडला. खांद्यावर फडकं पडलं. "बोलू नको! चार नंबर पूस!"

आता तुम्ही म्हणाल, दोन डिग्र्या आणि पंधरा वर्षांचा अनुभव असलेला माणूस स्वच्छ नकार देऊ शकत नव्हता का? नव्हता! तो आवाज थेट माझ्या चौथीच्या बाईंचा होता. मी चार नंबर पुसलं. मग सात. मग अकरा. मागच्या अंगाला किचनमध्ये बाऊल पोहोचवायला तीन फेऱ्या मारल्या. तिथल्या आचाऱ्याने दोनदा माझी पाठ थोपटली, जे आमच्या मॅनेजरने आजवर एकदाही केलेलं नाही.

"दहा बाऊल!"

माझा जीव कासावीस झाला. बाहेर रेवा उपाशी, पोटात बाळ उपाशी, आणि मी परक्या माणसांना हसून हसून वाढतोय! मी पळत आजोबांकडे आलो. त्यांनी बाऊल दोन्ही हातांनी उचलला, शेवटचा थेंब प्यायला, टोपी नीट केली… आणि उठले! उठता उठता माझ्या एप्रनच्या खिशात एक डॉलर सरकवला.

"आई! जागा!"

सासूबाई त्या वयात जशा धावल्या तशा स्वतःच्या मुलीच्या लग्नातही धावल्या नव्हत्या. एका खुर्चीवर शाल, एकीवर पर्स, एकीवर रुमाल, आणि चौथीवर स्वतः. "जा तुम्ही! घेऊन या तिला! यमराज आला तरी मी उठत नाही!"

मी एप्रनसकट बर्फात धावलो. गाडीपाशी पोहोचलो. गाडी बंद. दार लॉक. आत रेवा नाही.

बर्फात उभ्या असलेल्या माणसाला घाम फुटू शकतो, हे मी त्या दिवशी शिकलो. डोक्यात एकाच वेळी ॲम्ब्युलन्स, हॉस्पिटल आणि सासूबाई! कळा सुरू झाल्या असतील, फोन माझा तिच्याकडे, मग ती मला कळवणार कशी? मी तसाच हॉटेलात घुसलो आणि दृष्टबिष्ट गेली खड्ड्यात म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडलो,

"माय वाइफ! प्रेग्नंट! एट मंथ्स! शी इज गॉन!"

शंभर माणसांचं सुर्र सुर्र एका क्षणात थांबलं. सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. चौथ्या टेबलावरच्या एका बाईने तर माझ्यासाठी डोळ्याला नॅपकिन लावला.

मालकिणीने हातातली वही शांतपणे खाली ठेवली. "पोट एवढं? लाल स्वेटर?"

"येस! येस!"

"कोपऱ्यावरून उजवीकडे. पाऊण तासापूर्वी बसवली तिला."

उजवीकडे वळलं की आणखी एक छोटी खोली होती. एवढ्या फेऱ्यांत मी कोपऱ्यापर्यंत येऊन दर वेळी डावीकडे किचनला वळलो होतो. आणि त्या खोलीत, पाठीला दोन उशा, पायाखाली स्टूल अशा थाटात माझी धर्मपत्नी बसली होती. समोर एक रिकामं घमेलं. हातात दुसरं. गालांवर चार दिवसांत प्रथमच रंग.

"अरे, होतास कुठे तू?" ती म्हणाली.

"मी? तू इथे कशी?"

"बाथरूमला आले. आठवा महिना आहे, आणखी किती वेळ गाडीत बसवणार होतास? मालकिणीने पोट पाहिलं, आणि हाताला धरून इथे आणून बसवलं. म्हणाली, पोटुशी बाई थांबते का कुठे! आईच्या समोरून गेले मी, पण ती कोणाला तरी मुगाच्या उसळीची रेसिपी सांगत होती."

सासूबाई मागून शाल, पर्स, रुमाल गोळा करत आल्या. मुलीच्या तोंडावरून हात फिरवून त्यांनी आधी स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. मग रिकाम्या घमेल्यात वाकून पाहिलं. "पोटभर खाल्लं नं बाळे? झालं मग." एवढं म्हणून त्यांनी रेवाच्या ताटलीतल्या मुगांना हात घातला.

बाहेर मालकिणीचा पुकारा झाला. "रस्सा संपला! बंद!" शेवटचा बाऊल सात नंबरला गेला. जे मी पुसलं होतं.

मी रेवाच्या शेजारी मटकन बसलो. "म्हणजे तू मला पाहिलंच नाहीस?"

"पाहिलं ना. तीनदा. इथून किचनचं दार आणि कोपऱ्यापलीकडची दोन-तीन टेबलं दिसतात."

"मग हाक मारायची ना!"

"मारणारच होते रे. पण तो माणूस न सांगता भांडी उचलत होता, फडक्याने पुसत होता, लोकांना हसून पाणी देत होता." रेवाने उरलेला रस्सा शांतपणे संपवला. "म्हटलं, चेहरा अगदी तसाच आहे, पण हा निखिल असणं शक्यच नाही."

मी आशेने सासूबाईंकडे पाहिलं. त्या मूग चावत होकारार्थी मान हलवत होत्या. यावर मी एक बाणेदार उत्तर देणार होतो, पण तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी पाणी मागितलं, आणि मी उठलो.