ओठांवरचं

नवागामला आमच्या गल्लीत टीव्ही एकाच घरी होता. गुरुवारी खुनाची मालिका लागली की अर्धी गल्ली तिथं जमायची. एक जण मात्र खिडकीबाहेर उभा राहायचा. शेजारच्या लूमच्या खात्यातला, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यातला कारागीर, कानांत कापसाचे बोळे. नाव कुणी विचारलं नाही. खात्यातल्या खडखडाटात कुणाचं काही ऐकू येत नाही, म्हणून ही माणसं ओठ वाचतात. त्याच्यासमोर घरचं बोलायचं तर आम्ही तोंडावर हात धरायचो.

एका भागात नवरा मरता मरता बायकोला काहीतरी सांगतो, आणि नेमकं तेव्हाच संगीत वाढतं. कोर्टात बाई गप्पच. आम्ही आठवडाभर चहाच्या लारीवर, त्या हातगाडीपाशी, भांडलो. मी म्हणायचो, त्यानं भावाचं नाव घेतलं, ती दिराला वाचवतेय. माझा साडू म्हणायचा, तीच खुनी, नवऱ्यानं माफ केलं तिला. आमचं बोलणं तुटायची वेळ आली.

शेवटी लारीवर मी त्या कारागिरासमोर गेलो आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवून विचारलं, "काय बोलना तो?"

त्यानं बशी खाली ठेवली. त्याला ठाऊक होतं, ते डोळ्यांत दिसलं मला.

"तिले सांगं त्यानी," तो म्हणाला. "आपले नही."

आणि फुंकर घालून चहा प्यायला लागला.

अख्ख्या खात्याच्या ओठांवरचं त्यानं असंच पोटात ठेवलं असणार. त्यानंतर त्याच्यासमोर मी तोंडावर कधी हात धरला नाही.