तिसऱ्या सिलिंडरचा दम: लोणार, चिखली आणि राजूर घाट

गाडी न्यायची की नाही, यावर मी आठवडाभर अडलो होतो. कॉलेजचा मित्र प्रशांत धामणगाव बढेला शिक्षक आहे. त्याच्या आईचं आठवड्यातून दोनदा बुलढाण्याला डायलिसिस असतं आणि परतताना एसटीत तिला बसायला जागा मिळेलच असं नसतं. माझी सत्तावीस वर्षांची, कार्बोरेटरवाली गाडी त्याला हवी होती. मी कबूलही केलं. खात्री असावी म्हणून इथे संभाजीनगरला कॉम्प्रेशन टेस्ट करून घेतली. प्रत्येक सिलिंडर आतली हवा किती जोराने दाबतो, ते गेजवर दिसतं. दीडशेच्या आसपास आकडा हवा. माझे चारही शंभराच्या आत. मेस्त्री म्हणाला, इंजिन बसलंय. मी प्रशांतला फोन करून नाही म्हणालो. तो एवढंच म्हणाला, "घेऊन तर ये. चिखलीत रशीदभाईले दाखवू."

पहिला मुक्काम लोणार. जालना, सिंदखेडराजा असा गेलो. पुढे मधूनमधून खड्डे आहेत, उजेड असतानाच पोचा. बसस्थानकाजवळ साधी खोली हजाराच्या आत मिळाली आणि रात्री शेवभाजी-भाकरी. सरोवराकडे सकाळी सातच्या आत उतरा, पाणी बरोबर घ्या, चपलांऐवजी बूट घाला. खाली झाडीत मोर ओरडत होते आणि काठाजवळ खारट, कुजका वास होता. मी तासभर एका पडक्या देवळाच्या पायरीवर बसलो. दिवसभर गाडी सत्तरच्या वेगाने बिनतक्रार चालली होती. बसलेलं इंजिन असं चालेल का, हा प्रश्न मला तिथे पडायला हवा होता. पडला नाही.

दुसऱ्या दिवशी मेहकरला नाश्ता करून चिखली. बाजार समितीकडे कापसाच्या गाड्यांची रांग, त्यामुळे गावात शिरायलाच अर्धा तास गेला. प्रशांत पहाटेच्या एसटीने येऊन स्टँडवर उभा होता. रशीदभाईंचं गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड आणि एक लिंब. इंजिन गरम आहे तोवरच त्यांनी चारही प्लग काढले, गाडी चालू होऊ नये म्हणून कॉइलची वायर सोडली, पहिल्या सिलिंडरला गेज लावला आणि मला सेल मारायला सांगितलं. पंचाण्णव. त्यांनी आकडा लिहिला नाही. खिडकीशी आले आणि खाली वाकून पाहिलं.

"साहेब, पाय कुठी आहे तुमचा?"

पाय ॲक्सिलरेटरवर नव्हताच. सेल मारताना तिथे पाय लावला की पेट्रोल चढतं, हे वडिलांनी मला अठराव्या वर्षी शिकवलं होतं. संभाजीनगरलाही सीटवर मीच होतो.

"तुम्ही हवा आत जाऊच देत नाही अन् म्हनता इंजिनात दम नाही," रशीदभाई म्हणाले. "नाक-तोंड दाबून फुगा फुगवून पाहा बरं."

"इंजिन ऱ्हाऊ द्या, भाई," प्रशांत म्हणाला. "याच्या पायाचीच टेस्ट घ्या."

मग पेडल पूर्ण दाबून सेल मारला. एकशे पंचावन्न, दीडशे, एकशे दहा, एकशे पंचावन्न. तिसरा मागे होता. रशीदभाईंनी प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल आत सोडलं आणि पुन्हा मोजलं: एकशे चाळीस. त्यांनी समजावलं ते असं. ऑइलने फट बुजून आकडा वाढला, म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. वाढला नसता तर व्हॉल्व्ह पाहावे लागले असते. शेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी भरले असते तर त्यांच्यामधल्या गॅस्केटवर संशय. आता गाडी थोडं ऑइल खाईल, पण चालेल.

प्रशांतची थट्टा थांबली होती. "बुलढाण्याले जाताना राजूर घाट चढन का? आई बसलेली असताना?"

रशीदभाईंनी लगेच हो म्हटलं नाही. पाणी-ऑइल पाहून निघा, दुसऱ्या गिअरमध्ये चढवा, घाई करू नका, असं म्हणाले आणि प्लग बसवू लागले.

माझं समाधान होईना. आम्ही दोघे बुलढाण्यावरून घाट उतरलो आणि पायथ्याशी गाडी वळवून पुन्हा वर चढवली. धूर थोडा निळसर होता. तापमानाचा काटा मात्र मध्यावरून हलला नाही. माथ्यावर गाडी उभी केली आणि मला बोलावंच लागलं.

"आकडे वाईट आले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. गाडी द्यायची नव्हती मला. म्हणून पुन्हा मोजायला सांगितलंच नाही."

प्रशांत खाली दरीकडे पाहत होता. "मले समजलं होतं बे. नाही म्हनताना लय खुश वाटत होता तू. म्हून तर म्हटलं, घेऊन ये."

संध्याकाळी त्याच्या घरी भरीत-भाकरी खाल्ली. आईंनी गाडीभोवती एक फेरी मारली, मागचं दार उघडून सीट हाताने दाबून पाहिली आणि आत गेल्या. सकाळी मी एसटीने निघालो. बुलढाण्याला बदलावी लागते.

घरी येऊन आठ दिवस झाले. वाईट बातमी आपल्या सोयीची असली की मी ती तपासत नाही, हे स्वतःबद्दल कळलं, आणि ते काही सुखाचं नाही. सोसायटीतली जागा रिकामी दिसते तेव्हा अजून चुकल्याचुकल्यासारखं होतं.

गुरुवारी प्रशांतचा फोन आला. जाताना घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढला, ऑइल जरासं उतरलं. येताना आई मागच्या सीटवर आडवी झाली आणि झोपली ती थेट घराच्या दारात जागी झाली. उठून त्याला म्हणाली, "काऊन थांबला? घाट लागला का?"